प्रतिस्वराचे कारागीर

पाथरी हे आमच्या परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. याचे जुने नाव पार्थपूर असे अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकात या गावी ज्योतिर्विद आणि गणिती यांचे एक नामांकित घराणे नांदत होते. त्यातील ज्ञानराजाने इ. स. १५०३ मध्ये ‘सिद्धांतसुंदर’ हा ज्योतिषग्रंथ रचिला, आणि त्याचा पुत्र सूर्यपंडित याने १५४१ मध्ये भास्कराचार्यांच्या लीलावतीवर ‘गणितामृतकूपिका’ नामक टीका लिहिली. गणित्यास काव्याची हौस असावी यात आपल्याकडे नवल नाही. परंतु या सूर्यपंडिताची हौस जगावेगळी होती. त्याच्या ‘रामकृष्णविलोमकाव्या’त प्रत्येक श्लोकाचा पूर्वार्ध रामाविषयी असून, तीच अक्षरे शेवटाकडून उलट वाचीत आले म्हणजे जो उत्तरार्ध तयार होतो तो कृष्णाविषयी आहे. असे सुमारे छत्तीस-अडतीस श्लोक त्याने रचिले. आम्ही संस्कृत शिकविण्यात हयात घालविली, तरी टीकेचा हात धरल्यावाचून या काव्यात चार पावलेही टाकता येत नाहीत, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, १७४७ साली, जर्मनीतील योहान सेबास्टियन बाख या संगीतरचनाकाराने अगदी याच जातीची एक छोटी कृती केली. कागदावर स्वरांची ओळ एकच. एका वादकाने ती आरंभापासून शेवटाकडे वाजवावयाची, आणि दुसऱ्याने त्याच क्षणी शेवटापासून आरंभाकडे वाजवीत यावयाचे. युरोपीय लोक हिला खेकड्याची रचना म्हणतात. खेकडा उलटा चालतो अशी त्यांची समजूत. पार्थपूरच्या पंडिताची आणि लाइप्सिकच्या या संगीतकाराची बुद्धी एकाच वळणाची होती यात शंका नाही. तथापि दोघांत एक भेद आहे, आणि आमच्या विषयाचे सारे मर्म त्या भेदात आहे. सूर्यपंडिताच्या श्लोकात राम आधी येतो व कृष्ण मागाहून येतो. बाखच्या रचनेत सुलट व उलट एकाच वेळी कानी पडतात, आणि तरी त्यांचे भांडण होत नाही. बाराव्या शतकातील कविराजाने ‘राघवपांडवीय’ लिहून एकाच श्लोकात रामायण व महाभारत अशा दोन्ही कथा श्लेषाने सांगितल्या. तेथेसुद्धा वाचकाचे मन एका वेळी एकाच अर्थाच्या मागे जाते, दुसऱ्यासाठी त्यास पुन्हा माघारी यावे लागते. दोन गोष्टी खरोखर एकाच क्षणी सांगणे शब्दाला साधत नाही, सुराला साधते.

दोन किंवा अधिक स्वतंत्र चाली एकाच वेळी चालवून त्यांचा मेळ राखण्याची जी विद्या, तिला इंग्रजीत काउंटरपॉइंट म्हणतात. मूळच्या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘बिंदूसमोर बिंदू’ असा आहे. कारण त्या काळी स्वर बिंदूंनी मांडीत. मराठीत यास सर्वमान्य झालेला शब्द आमच्या पाहण्यात नाही. ‘प्रतिबिंदु’ म्हणावे, तर वाचकांस प्रतिबिंब आठवेल, आणि दुसरा सूर हा पहिल्याचे प्रतिबिंब मुळीच नव्हे. म्हणून या लेखापुरता आम्ही ‘प्रतिस्वर’ असा शब्द योजितो. विद्वानांस याहून चांगला सुचल्यास त्यांनी तो खुशाल चालवावा.

पुष्कळ सुशिक्षितांचाही असा समज असतो की, पेटीच्या तीन पट्ट्या एकदम दाबल्या म्हणजे झाले पाश्चात्य संगीत. तो स्वरमेळ होय, इंग्रजीतील हार्मनी. त्यात एक चाल मुख्य असते आणि बाकीचे स्वर तिला खालून टेकू देतात. प्रतिस्वरात टेकू कोणीच नसतो. प्रत्येक ओळ वेगळी काढून गाइली तरी ती सुंदर चाल असली पाहिजे; एकत्र गाइली असता एकीने दुसरीचा पाय ओढता कामा नये; आणि एकीने दुसरीची नक्कल करीत मागोमाग जाताना सुद्धा आपले स्वत्व सोडता कामा नये. ज्यांच्या घरी दोन जावा एकाच स्वयंपाकघरात आपापल्या रीतीने रांधतात आणि तरी पंगत वेळेवर बसते, त्यांस ही कल्पना अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही.

आपल्याकडे याच्या जवळपास काय आहे? सारंगी गवयाच्या मागून जाते. जुगलबंदीत दोघे पाळीपाळीने वाजवितात, आणि एकत्र आले म्हणजे बहुधा एकच चाल वाजवितात. जनाबाईंच्या गंगाखेडास किंवा अन्यत्र कोठेही वारकऱ्यांचे भजन ऐकावे. मुख्य गाणाराचा चरण संपण्यापूर्वीच टाळकरी तो उचलतात, आणि क्षणभर दोन निराळे सूर एकमेकांवर चढतात. तो क्षण प्रतिस्वराच्या उंबरठ्यावरचा आहे. पण आपले संगीत उंबरठा ओलांडीत नाही, लगेच मागे फिरते.

हे मागे फिरणे कमकुवतपणाचे आहे काय? या प्रश्नावर आमच्या ओळखीच्या घरांतून तावातावाने वाद झालेले आम्ही ऐकिले आहेत. शहरात शिकून आलेली मुले म्हणतात की, आपले संगीत एकपदरी, म्हणून अप्रगत. वडील मंडळी म्हणतात की, पाश्चात्यांचे संगीत म्हणजे नुसता कालवा. आमच्या मते दोन्ही पक्ष न ऐकताच बोलतात. रागाची सारी इमारत षड्जाच्या अचल पायावर उभी असते. तंबोरा षड्ज धरून बसतो आणि प्रत्येक स्वराचे मोल त्या षड्जापासून ठरते. आता गायक गांधारावर स्थिर झाला असता दुसऱ्या कोणी धैवताची निराळी ओळ चालविली, तर कानाला आधाराचा स्वर कोणता याचा संभ्रम पडतो, आणि रागाची मुद्रा तत्काळ विस्कटते. म्हणजे आपण प्रतिस्वर घेतला नाही तो न सुचल्यामुळे नव्हे. रागाने मागितलेली किंमत आपण दिली. त्यांनी प्रतिस्वर घेतला आणि श्रुतींची सूक्ष्मता व मींडेचे लालित्य बव्हंशी सोडले. त्यांनीही किंमतच दिली.

दोन्ही वाटा एकाच काळात फुटल्या, हे इतिहासात पाहिले म्हणजे मोठी मौज वाटते. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीस यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेव ‘संगीतरत्नाकर’ लिहीत होता. आमचा हा गोदातीरचा मुलूख तेव्हा त्याच राज्यात होता. रत्नाकरात उत्तम गायकवृंदाचे मान दिले आहे: मुख्य गायक ४, त्यांच्याबरोबर गाणारे ८, गायिका १२, बासरीवाले ४ आणि मृदंगवाले ४. एवढी बत्तीस माणसे, आणि या सर्वांनी मिळून एकच गीत शोभवावयाचे. याच्या थोडे आधी, सुमारे १२०० साली, पॅरिसच्या नोत्रदाम या महामंदिरात पेरोतँ नावाचा रचनाकार चार गायकांस चार निराळ्या ओळी देत होता. देवगिरीने बत्तीस कंठांतून एक चाल काढिली, पॅरिसने चार कंठांतून चार काढिल्या.

पुढे तीन-चारशे वर्षे युरोपात ही विद्या वाढत गेली. सोळाव्या शतकात इटलीतील पालेस्त्रीना याने तिला असे निर्मळ रूप दिले की, पुढच्या पिढ्यांनी नियम काढावयाचे ते त्याच्या रचनांवरून. ते नियम १७२५ साली व्हिएन्नातील योहान योसेफ फुक्स याने ग्रंथात बांधिले. तो ग्रंथ लॅटिनमध्ये आहे व गुरुशिष्यसंवादरूप आहे, हे वाचून आम्हांस घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. गुरूच्या रूपाने पालेस्त्रीना बोलतो, शिष्याच्या रूपाने स्वतः फुक्स प्रश्न विचारतो. अभ्यासाच्या पाच पायऱ्या आहेत. पहिलीत एका स्वरासमोर एकच स्वर, दुसरीत एकासमोर दोन, तिसरीत चार. तबलजी यास बरोबरी, दुगुण व चौगुण म्हणून सहज ओळखील. चौथीत एक सूर दुसऱ्याच्या मात्रेवर मुद्दाम रेंगाळतो, त्यामुळे क्षणभर विसंवाद होतो आणि मग तो पायरीने खाली उतरून मिटतो. पाचवीत या सर्वांचे मिश्रण. एक सूर वर चढत असता दुसऱ्याने शक्य तो खाली उतरावे, असे सांगण्यात येते. दोन सुरांनी पंचमाचे अंतर राखून बरोबरीने धावू नये, असा निषेध आहे. कारण तसे धावले की दोन सुरांचा एकच होऊन जातो आणि स्वातंत्र्य संपते. हायडन हा ग्रंथ आपला आपण शिकला. मोझार्ट व बेथोव्हन यांची बोटेही याच पायऱ्यांवरून गेली.

आता बाखची गोष्ट. प्रतिस्वरात त्याची बरोबरी कोणी केली नाही हे आज सर्व मानतात, पण त्याच्या हयातीत असे नव्हते. १७३७ मध्ये शाइबे नावाच्या टीकाकाराने त्याच्यावर उघड आक्षेप घेतला की, याच्या रचना अवजड असून अतिकौशल्याने त्यांतील सौंदर्य झाकून गेले आहे. काळाची अभिरुची तेव्हा बदलत होती; लोकांस एक गोड चाल व खाली हलका आधार एवढेच हवे होते. १७४७ साली प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने बाखला पॉट्सडॅम येथे बोलावून एक अवघड चाल दिली आणि तिजवर जागच्या जागी तीन कंठांची फ्यूग वाजविण्यास सांगितले. फ्यूग म्हणजे अशी रचना की, एका कंठाने विषय मांडावा, दुसऱ्याने तोच पंचमावरून उचलावा, आणि तोवर पहिल्याने गप्प न बसता त्यास साजेशी दुसरी चाल धरावी. बाखने ते तेथल्या तेथे केले. घरी जाऊन त्याच चालीवर सहा कंठांची रचना व अनेक प्रतिस्वरकृती लिहून त्याने राजास अर्पण केल्या. वर सांगितलेला खेकडा त्यांतलाच.

तीन वर्षांनी, १७५० मध्ये, तो वारला. फ्यूगच्या कलेवरील त्याचा अखेरचा, अपुरा राहिलेला ग्रंथ १७५१ साली छापला गेला. १७५६ पर्यंत त्याच्या तीसेक प्रती खपल्या, आणि मुलाने छपाईचे तांब्याचे पत्रे विकावयास काढिले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘बाख’ म्हटले की लोकांस तो मुलगाच आठवे. व्यासंगी लोकांनी मात्र बापाची हस्तलिखिते जपली होती. १७८२ मध्ये व्हिएन्नातील एका सरदाराच्या घरी मोझार्टने ती पाहिली, आणि त्याच्या लेखणीचे वळण बदलले. १७८८ मधील त्याच्या शेवटच्या सिंफनीच्या अखेरीस पाच चाली एकत्र गुंफिलेल्या आहेत. पुढे ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या मेंडेल्सोनने बर्लिन येथे बाखचे मोठे धर्मसंगीत पुन्हा सभेपुढे गाववून घेतले, तेव्हा कोठे युरोपास आपल्या घरात काय पुरून ठेविले होते ते कळले. मृत्यूनंतर एकोणऐंशी वर्षांनी!

हे सर्व दूरदेशीचे झाले. पण प्रतिस्वर जाणणारे कारागीर आपल्या शेजारीच, गोव्यात, पिढ्यान् पिढ्या तयार होत होते. १५१० मध्ये पोर्तुगीज तेथे आले. पुढे चर्चना जोडून ज्या शाळा निघाल्या त्यांत मुलांना स्वर वाचून गाणे व व्हायोलिन वाजविणे शिकवीत. धर्मांतराच्या त्या इतिहासाचे आम्ही मंडन करीत नाही. परंतु विद्येचा हिशेब निराळा ठेवावा लागतो. घुमटाच्या ठेक्यावर दोन कंठांत गाइला जाणारा मांडो हे त्याच शिक्षणाचे कोकणी फळ. त्यातील दुसरा सूर बहुधा पहिल्याबरोबर ठराविक अंतराने चालतो, म्हणून शास्त्रदृष्ट्या तो स्वरमेळाकडे झुकतो; तथापि एका घरात दोन सूर नांदू शकतात हे तेथील पोरांना उपजतच कळे. आणि त्याच चिमुकल्या मुलखाने केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर व मंगेशीचे दीनानाथ ही एकसुरी परंपरेची रत्नेही दिली.

मुंबईत बोलपटांचा धंदा वाढला तेव्हा या दोन विद्यांची गाठ पडली. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल बांधी. ती पन्नास वादकांकडून एका दिवसात वाजवून घ्यावयाची, तर प्रत्येकापुढे लिहिलेला कागद हवा. आपले गुणी वादक कानाने शिकलेले. कागद लिहिणे व वाचणे गोवेकरांस येई. हे लिहिणारे अरेंजर म्हणविले जात. परंतु चांगला अरेंजर केवळ लेखनिक नसे. गायिका ओळीच्या अखेरीस एका स्वरावर थांबली की, तेथे व्हायोलिनांनी काय करावे हे तो ठरवी. आणि पुष्कळदा गाण्याच्या पाठीमागून एक सबंध दुसरी चाल चालवी. ध्वनिमुद्रणगृहात तिला ‘ऑब्लिगाटो’ म्हणत. आपण आयुष्यभर जी गाणी गुणगुणतो त्यांतील ही दुसरी चाल कोणाची, असे आपण कधी विचारीत नाही.

रेईश मागूशचे सेबास्टियन डिसोझा (१९०६–१९९६) हे यांतील अग्रणी. फाळणीपूर्वी ते लाहोरास वाद्यवृंद चालवीत. मुंबईस आल्यावर शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे कागद वीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्या हातचे. चित्रपटाच्या आरंभीच्या नामावळीत त्यांचे नाव येई ते दत्ताराम यांच्याबरोबर, ‘सहाय्यक’ या शब्दाखाली. लिहिलेल्या कागदांना ध्वनिमुद्रण संपल्यावर कोणी विचारीत नसे.

मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. १९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते नौशाद यांच्याकडे व्हायोलिनवादक म्हणून लागले. थोडक्या काळात ते स्वतः अरेंजर झाले, आणि प्यारेलाल शर्मा यांच्यासारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. पण त्यांस ध्यास निराळाच लागला होता. रागाची मुद्रा न मोडता त्यास सिंफनीच्या मोठ्या वाद्यवृंदात कसे बसवावे, या प्रश्नाने त्यांस पछाडले. वर जी अडचण आम्ही सांगितली तिच्याशीच हा सामना होता. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या चौकात त्यांनी शंभरावर वादक जमवून आपल्या रागाधिष्ठित रचना सादर केल्या; गाण्यास लता मंगेशकर व मन्ना डे होते. मंगेशीच्या दीनानाथांची कन्या आणि मजोर्ड्याच्या चर्चशाळेच्या परंपरेतला हा रचनाकार एका मंचावर आले, ही आमच्या दृष्टीने आपल्या संगीताच्या इतिहासातील नोंद घ्यावी अशी घटना आहे. परंतु आपल्या संगीतविषयक पुस्तकांत तिला क्वचितच जागा मिळते. तो प्रयोग पुढे टिकला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेस गेले, काही वर्षांनी परतले ते थेट मजोर्ड्यास, आणि चित्रपटाच्या धंद्यात पुन्हा पडले नाहीत. १९७७ मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’तील विनोदी गाण्यात गुरूचे नाव गुंफिले. ते नाव देशातल्या पोरासोरांच्या तोंडी झाले. ते एका खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांस ठाऊक होते.

तिसरे नाव वनराज भाटिया (१९२७–२०२१) यांचे. हे गोवेकर नव्हेत, मुंबईच्या कच्छी घराण्यातले. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून ते पॅरिसला नादिया बूलांजे या विदुषीकडे गेले. प्रतिस्वराच्या अध्यापनात विसाव्या शतकात या बाईंची ख्याती फार मोठी. देशात परतल्यावर भाटियांनी १९६० ते १९६५ दिल्ली विद्यापीठात पाश्चात्य संगीत शिकविले. पुढे ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’ या चित्रपटांचे संगीत केले. आम्हां संस्कृताच्या माणसांस ते परिचित आहेत ते १९८८ मधील दूरदर्शनवरील ‘भारत एक खोज’ या मालिकेमुळे. तिच्या आरंभी त्यांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त वृंदगानात बसविले आहे. उदात्त, अनुदात्त, स्वरित या तीन पायऱ्यांत फिरणारे वेदपठण हे एकपदरी संगीताचे मूळच म्हणावयाचे. त्यास हात लावलेला आमच्या एका वैदिक स्नेह्यांस मुळीच रुचला नाही. आमचे मत निराळे पडले. सृष्टीपूर्वी सत् नव्हते व असत् ही नव्हते असे म्हणणाऱ्या सूक्तास अनेक कंठांचा तो गंभीर, थरांवर थर चढणारा नाद शोभतो. मात्र पाठशाळेत तो शिकवावा असे आम्ही म्हणणार नाही.

अलीकडे या कारागिरांची नावे कागदावर येऊ लागली आहेत. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या वादकांच्या व अरेंजरांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझ वादकांवर २०१२ मध्ये पुस्तक लिहिले. दोन्ही इंग्रजीत आहेत.

ज्यांस प्रत्यक्ष ऐकून पाहावयाचे असेल त्यांनी १९६० च्या ‘जिस देश में गंगा बहती है’ या चित्रपटातील, डाकू शरण जावयास निघतात त्या वेळचे गाणे लावावे. पहिल्या खेपेस मुकेश यांच्या आवाजामागून जावे. तो आपणां सर्वांस पाठ आहे. दुसऱ्या खेपेस त्यास सोडून केवळ समूहाचे गाणे धरावे. तिसऱ्या खेपेस या दोहोंच्या वरून लता मंगेशकरांचा स्वर आपल्याच वाटेने कसा जातो ते पाहावे, आणि चौथ्या खेपेस फक्त व्हायोलिनांच्या मागे जावे. घरातील चार माणसांनी चार सूर वाटून घेतले तर हे काम अधिक लवकर होते. आमच्या घरी व्हायोलिने धाकट्या नातीच्या वाट्याला आली, आणि ती ओळ तिने दोन दिवसांत पाठ करून पेटीवर काढिली.